बाईंना आग्रह चालत नसे

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई भर पंगतीतून उठून गेल्या, त्या दिवशी मी त्यांना वेडं ठरवून टाकलं. मी शाळेत नवीन लागले होते. मुख्याध्यापकांच्या मुलाचं लग्न होतं आणि त्यांच्याच वाडीत, पोफळींच्या सावलीत पानं मांडली होती. मुख्याध्यापकांची बायको जिलबीचं ताट घेऊन स्वतः फिरत होती. बाईंनी पानावर हात आडवा धरला आणि म्हणाल्या, "नको." "असं कसं, एक तरी," म्हणत तिने हाताच्या कडेने जिलबी पानात सरकवली, आपल्याकडे सरकवतात तशीच. बाईंनी हात काढून घेतला. "मी नको म्हटलं होतं," एवढंच बोलल्या, उठल्या आणि हात धुवायला विहिरीकडे गेल्या. भात अर्धा तसाच होता. सगळी पंगत घास हातात धरून बघत राहिली. मुख्याध्यापकांची बायको नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडली म्हणे.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी विचारलं, "बाई, एका जिलबीसाठी एवढं?"

"जिलबीचं काय आहे त्यात? मी हात आडवा धरला, तोंडाने नको म्हटलं, तरी वाढलं."

"आपल्याकडे आग्रह करतात, बाई."

"तेच म्हणतेय मी. आपल्याकडे पहिलं नको धरतच नाहीत. म्हणतात, लाजून म्हटलं असेल. पोरं लहानपणापासून हे बघतात. मग अठरा-एकोणीस वर्षांचा घोडा झाला की त्याला मुलीचं नकोसुद्धा लाजेचंच वाटतं."

जिलबीवरून बाई कुठे जाऊन पोचल्या ते ऐकून मी तोंडाला पदर लावला. बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. त्यांच्यासमोरच हसले.

आमची शाळा नागावच्या पुढे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. अकरावी-बारावीचे वर्गही तिथेच भरत. मला मुलं मॅडम म्हणत आणि त्यांना बाई. शाळेत बाई म्हटलं की त्या एकट्याच. उंच, हाडकुळ्या, दोनच रंगांच्या साड्या, एक करडी आणि एक त्याहून करडी. सायकलवरून येत. लग्न होऊन सहा महिन्यांत परत आल्या होत्या असं गावात बोलत, पण कुठून आणि का हे कुणाला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर "सांगणार नाही" म्हणाल्या असत्या आणि पुढे निघाल्या असत्या. "सांगणार नाही" हे त्यांचं आवडतं वाक्य. "मला माहीत नाही" असं त्या कधी म्हणत नसत. ते खोटं असतं आणि खोटं पकडता येतं, असं त्यांचं मत होतं.

दार सताड उघडं असलं तरी त्या कडी वाजवत आणि आतून "या" आल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. एखादं पोर रडत असलं तर जवळ जाऊन विचारत, "पाठीवर हात ठेवू का?" ते नाही म्हणालं तर तशाच शेजारी उभ्या राहत. शाळेच्या आवारात एक मांजर होतं, त्यालाही विचारून उचलत. ते बहुधा निघून जाई. मग बाई म्हणत, "बरं." हे सगळं आम्ही मैफलीत सांगून हशा मिळवायचो. मी तर त्यांची नक्कल फार छान करत असे.

गावातल्या साखरपुड्यांना त्यांना बोलवायची सोय नव्हती. पेढा हातात घेण्याआधी त्या सरळ मुलीपाशी जात आणि सगळ्यांच्या देखत विचारत, "तुला विचारलं होतं का?" मुली माना खाली घालत. आया दात-ओठ खात. पुढे पुढे पत्रिका द्यायला आलेला माणूसच सांगे, "बाई, या नक्की, पण मुलीशी काय बोलू नका." बाई म्हणत, "मग येत नाही." मी त्या वेळी पंचवीस वर्षांची होते आणि मला वाटायचं, एकटं राहिलं की माणूस असं होतं. हे मी बोलूनही दाखवलेलं आहे, त्यांच्या माघारी.

पण त्यांचं खरं वेड होतं ऑफ तास. कुणी शिक्षक रजेवर असला की बाकीचे अंग चोरायचे, बाई मात्र खडू घेऊन तयार. नववीपासून बारावीपर्यंत कुठलाही वर्ग असो, ऑफ तासाला त्या एकच खेळ घेत. दोघांना पुढे बोलवायचं. एकाने काहीतरी मागायचं, म्हणजे पेन, वही, गाडीवर मागे बसायला ये, तुझा एक फोटो दे, तुझ्या मोबाइलचा पासवर्ड सांग. दुसऱ्याने नाही म्हणायचं. मागणाऱ्याने "बरं" म्हणून जागेवर जाऊन बसायचं. खेळ एवढाच.

"कारण विचारायचं नाही," बाई बजावत. "तोंड पाडायचं नाही. पुन्हा मागायचं नाही. मित्राकरवी निरोप पाठवायचा नाही. बरं म्हणायचं आणि बसायचं."

मुलांना ते जमत नसे. "पण का?" त्यांच्या तोंडून निघून जाईच. बाई त्यांना परत उभं करत, पाच वेळा, सहा वेळा. मुलींचं दुखणं वेगळं होतं. त्या नाही म्हणत, पण हसून. "हसू नकोस," बाई म्हणत. "हसलीस की त्याला वाटतं निम्मं हो आहे." मुली आणखी हसत. एकदा एका मुलीला न हसता नाही म्हणायला अख्खा तास लागला आणि जमलं तेव्हा ती रडायलाच लागली. मी दाराबाहेरून हे पाहत होते. मला ते फार विनोदी वाटलं होतं.

पालकांनी तक्रारी केल्या. बाई पोरांना प्रेमाचे धडे देतात, पोरी घरात उलट बोलायला लागल्या, आईने चहा टाक म्हटलं तर नाही म्हणतात. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून सांगितलं की नद्या शिकवा, पठारं शिकवा. बाई म्हणाल्या, "नद्या शिकवून झाल्या आहेत." आणि पुढच्या ऑफ तासाला पुन्हा तेच.

त्या वर्षी अकरावीत दर्शना होती. खाडीकाठच्या खारेपाटातल्या घरातली मुलगी, खणखणीत आवाजाची. प्रार्थना तीच सांगायची. गावातल्या कल्पेशबरोबर तिचं जमलं होतं हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. कल्पेश एकोणीस-वीसचा, समुद्रावर पर्यटकांना बनाना राइड घडवायचा, दिसायला देखणा आणि वागायला त्याहून गोड. वादळात माझ्या भाड्याच्या खोलीचे पत्रे उडाले तेव्हा गावातलं कुणी फिरकायच्या आधी हा शिडी घेऊन हजर होता. दिवसभर पावसात छपरावर होता. वर चहासुद्धा घेतला नाही. शाळा सुटली की एसटीच्या थांब्यावर दर्शनासाठी गाडी घेऊन उभा असायचा, एक दिवस चुकवायचा नाही. आम्ही स्टाफरूमच्या खिडकीतून बघायचो आणि म्हणायचो, पोरीने नशीब काढलं.

एकदा मधल्या सुट्टीत मुली वडापाव खात बसल्या होत्या. दर्शनाने आधी मोबाइलवर फोटो काढला, चारी बाजूंचा, आणि मग वडापावाला हात लावला. बाई कडेने चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"फोटो कुणाला पाठवलास?"

"त्याला. कुठं हाय, कोन कोन हाय, ते कळायला."

"आणि नाही पाठवला तर?"

"तर तो जेवत न्हाय, बाई. परवा दोन दिस उपाशी व्हता. भिंतीवर हात आपटून घेतलान, रगत आलं." हे सांगताना तिच्या आवाजात जरासा अभिमान होता. "तो वाईट न्हाय. रागीट हाय जरा."

बाई म्हणाल्या, "आज भिंत आहे." दर्शनाला ते कळलं नाही. मलाही नाही. मी शेजारीच होते आणि मनात काय आलं ते आता लिहायची लाज वाटते, तरी लिहिते. माझ्यासाठी असं कुणी दोन दिवस उपाशी राहिलं असतं तर, असं माझ्या मनात आलं. मला तिचा हेवा वाटला.

बारावीच्या परीक्षेनंतर भिंतीची जागा दर्शनाने घेतली. वर्गातल्या एका मुलाशी पेपरबद्दल बोलली म्हणून कल्पेशने तिचा हात पिरगळला आणि मोबाइल खडकावर आपटला. ती घरी न जाता सरळ बाईंकडे गेली. बाई तिला घेऊन तिच्या आईकडे गेल्या. आई म्हणाली, "साखरपुडा करून टाकू. एकदा आपली झाली म्हनजे निवळंल तो." अठरा पूर्ण व्हायला दोन महिने होते, तोवर साखरपुडा, मग लग्न. गावात असंच करतात. मुलाने हात उगारला तर त्याची घाई झाली आहे असं समजतात.

बाईंनी त्या आईला काय सांगितलं कुणास ठाऊक. तीन रात्री दर्शना बाईंच्या घरी होती आणि चौथ्या दिवशी सकाळी गावातून नाहीशी झाली. रोह्याला बाईंची एक जुनी मैत्रीण होती, तिच्या घरी राहून ती नर्सिंगला जाणार होती. पत्ता फक्त बाईंना आणि आईला माहीत होता. आणि मला. कारण घाईत शाळेचा दाखला राहिला होता, कारकून रजेवर होता, आणि पत्ता आणि घराच्या खाणाखुणा लिहिलेलं, रजिस्टर करून पाठवायचं पाकीट माझ्या टेबलावर आलं.

बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "हा पत्ता तू पाहिलास हे मला आवडलेलं नाही. पण पाहिलास. कुणी विचारलं तर काय म्हणशील?"

"मला माहीत नाही म्हणेन."

"नाही. सांगणार नाही, म्हणायचं. म्हणून दाखव."

"बाई, मी काय नववीत आहे का?"

"म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं. हसत हसत. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, पण पुन्हा म्हणायला लावलं नाही. मोठ्या माणसाची त्यांनी ठेवलेली ती एवढी एकच भीड, आणि ती नेमकी माझ्या बाबतीत.

कल्पेश आठवड्याभराने आला. दुपारची वेळ होती, मी पेपर तपासत होते. हातात आंब्यांची पिशवी. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. उंबऱ्यावरच बसला, आत ये म्हटलं तरी येईना.

"मॅडम, मी चुकलो. मला तिची माफी मागायची हाय, बास. मग ती सांगंल तसं."

"कल्पेश, मी नाही सांगू शकत रे."

"तुमाला म्हायती हाय ना पन?"

मी हसले. "असं विचारू नकोस, नको ना," म्हणाले. हे दुसऱ्यांदा. मग तो रडायला लागला. एवढा दांडगा मुलगा माझ्या उंबऱ्यावर हमसून हमसून रडत होता आणि वर माझं छप्पर होतं, त्याने बसवलेलं. माझ्या पायांवर डोकं ठेवायला आला. मी मागे सरले आणि सांगितलं. गल्लीचं नाव सांगितलं, घराचा रंग सांगितला, खाली पिठाची गिरणी आहे हेसुद्धा सांगितलं. तो गेल्यावर मला फार हलकं वाटलं. दोन जिवांची गाठ घालून दिली असं वाटत होतं. त्याच्या पिशवीतला एक आंबा मी लगेच कापून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नर्सिंगच्या क्लासला निघालेल्या दर्शनाला त्याने गिरणीसमोर गाठलं. ती बोलायला थांबली नाही. गिरणीवाला धावून येईपर्यंत त्याने तिला कानशिलावर मारत मारत खाली पाडलं होतं, मनगट मोडलं होतं. दवाखान्यात पंधरा दिवस गेले. पोलिसांत तक्रार झाली. मग गावातल्या चार वडीलधाऱ्यांनी दोन्ही घरं समोरासमोर बसवली, पोराचं आयुष्य बरबाद होईल असं सगळ्यांचं एकमत झालं, आणि आईने मुलीला तक्रार मागे घ्यायला लावली. मुलीच्या आयुष्याचा विषय निघाला नाही. कल्पेशला मामाने गुजरातेत कामाला नेलं.

रोह्याला मारहाण झाली त्याच संध्याकाळी बाई माझ्याकडे आल्या होत्या. कडी वाजवली. मी "या" म्हटलं तरी आत आल्या नाहीत.

"किती वेळा नाही म्हणालीस?"

"दोनदा."

"मग?"

"भीड पडली, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या आणि सायकल वळवून गेल्या. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी केलं असतं. त्या "बरं" चं काय करायचं हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

शाळेत सभा झाली. गुन्हेगार एव्हाना बाई ठरल्या होत्या. त्यांनी मुलगी लपवली म्हणून पोराचं डोकं फिरलं, त्यांनी मुलींना नको ते शिकवलं म्हणून हे सगळं झालं. पत्ता कुणी दिला हे कुणी विचारलं नाही, आणि मला वाटतं बहुतेकांना माहीत होतं. बाईंनी माझं नाव घेतलं नाही. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मुख्याध्यापकांनी एक कागद फिरवला. ऑफ तासांना अभ्यासक्रमाबाहेरचे विषय घेतले जातात, आमची हरकत आहे, असा मजकूर होता. सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. पेन चालत नव्हतं, तर शेजारच्या सरांकडून मागून घेतलं आणि केली. महिन्याभरात बाईंनी राजीनामा दिला. निरोपसमारंभ नको म्हणाल्या आणि निदान ते नको तरी सगळ्यांनी पहिल्या खेपेला ऐकलं.

आता ऑफ तासाला मुलं मैदानात हुंदडतात. शाळेला बरं वळण लागलं असं पालक म्हणतात. कल्पेश परत आला, वडिलांच्या वाडीत त्याने होमस्टे बांधला, पोहण्याचा तलावही केला. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांना जागा पुरत नाही. गेल्या वर्षी वार्षिक समारंभाला तोच प्रमुख पाहुणा होता. सूत्रसंचालन माझ्याकडे असतं. "आपल्या शाळेविषयी आत्मीयता असलेले तरुण उद्योजक" हे शब्द मी लिहिले आणि मीच वाचले. हार घालून झाल्यावर तो स्टेजवर माझ्या पाया पडला. बारावीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या दोघी-तिघींच्या हातात मोबाइल होते आणि त्या चारी बाजूंचे फोटो काढून कुणाला तरी पाठवत होत्या. मी पाहिलं आणि पुढचा कार्यक्रम पुकारला.

त्या रविवारी मी रोह्याला गेले. राजीनाम्यानंतर बाई तिथेच राहतात हे मला ठाऊक होतं, सहा वर्षं ठाऊक होतं. दर्शना आता एका दवाखान्यात नर्स आहे आणि दोघी मिळून दोन खोल्यांत राहतात. मी बसमध्ये वाक्य तयार केलं होतं. पत्ता मी दिला, माझं चुकलं, तुझं जे झालं ते माझ्यामुळे झालं. एवढंच. अलिबागपासून रोह्यापर्यंत मी ते मनात घोकत होते, एकही शब्द वाढू दिला नाही.

दार दर्शनाने उघडलं. जाड झाली आहे, चष्मा लागला आहे. "मॅडम, या," म्हणाली, अगदी सहज. बाई खाटेवर होत्या, गुडघ्यांनी बसल्या जागी जखडलेल्या, केस पांढरेशुभ्र. "ये," म्हणाल्या. दर्शनाने चहा केला आणि खाली बसून परातीत भिजवलेले वाल सोलायला घेतले. मीही खाली बसले, तिच्या डावीकडे, भिंतीला टेकून. थोडा वेळ शाळेचं बोललो, रस्त्याचं बोललो. तेही बाईच बोलत होत्या. मग त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. मला वाटलं, आता बोललं नाही तर कधीच नाही. मी परातीकडे बघत, हळू आवाजात, ते सगळं वाक्य म्हटलं. एकही शब्द गाळला नाही.

दर्शना वाल सोलत राहिली. एक, दुसरा, तिसरा. तिचा चेहरा शांत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, हिने मला माफ केलं. किती मोठं मन आहे पोरीचं, असंही मनात येऊन गेलं.

"त्या बाजूने तिला ऐकू येत नाही," खाटेवरून बाई म्हणाल्या. "गिरणीसमोर त्याने मारलं तेव्हापासून तो कान गेला. उजवीकडे येऊन बस आणि आत्ता म्हणालीस ते पुन्हा म्हण."

मी उठले. परातीला वळसा घालून दर्शनाच्या उजवीकडे गेले, बसले. तिने सोलायचं थांबवून माझ्याकडे तोंड केलं.

"काय म्हनत व्हत्या, मॅडम?"

"वाल कुठून आणलेस," मी म्हटलं, "ते विचारत होते."